बसण्याचे सुख आणि त्याची किंमत



आपल्या मराठी भाषेत ‘बसून खाणे’ हा शब्दप्रयोग निंदेचा आहे, आणि ‘बसून अभ्यास करणे’ हा मात्र स्तुतीचा आहे. जो बसून खातो त्याला घरातील वडील माणसे बोल लावतात. जो सकाळपासून रात्रीपर्यंत पुस्तकासमोर बसतो त्याचे कौतुक करतात. हे कौतुक योग्यच आहे, कारण अभ्यास ही तपश्चर्या आहे. परंतु आपले शरीर हा भेद जाणत नाही. माणूस आळसाने बसला आहे की विद्येसाठी बसला आहे, हे पायांच्या स्नायूंस, रक्तातील साखरेस अथवा हृदयास कळण्याचा काही मार्ग नाही. त्यांना एवढेच कळते की, हा देह कित्येक तास हललेला नाही. बैठ्या जीवनाचा शरीरावर काय परिणाम होतो आणि तो कमी कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या दिलसुखनगराचेच उदाहरण घेऊ. हैदराबाद शहराच्या या भागाची कीर्ती आज शिकवणी वर्गांमुळे आणि संगणक-शिक्षणाच्या संस्थांमुळे दूरवर पसरलेली आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांची तयारी करण्याकरिता गावोगावचे तरुण येथे येतात, वसतिगृहांतील लहान खोल्यांत राहतात आणि दिवसाचा बहुतेक भाग बाकावर काढतात. शाळकरी मुलांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. एका दिवसाचा हिशेब मांडून पाहा. शाळेत सहा तास, शिकवणीत दोन तास, घरच्या अभ्यासास तीन तास, वाहनात एक तास, जेवणखाणास एक तास, आणि मोबाईल अथवा दूरचित्रवाणी यांच्यासमोर एक तास. ही बेरीज चौदा तासांची होते. झोपेचे आठ तास सोडले, तर जागेपणाच्या सोळा तासांपैकी केवळ दोन तास आपण पायांवर असतो! पालकांचाही हिशेब असाच निघतो. कचेरीतील टेबल, दुकानातील गादी आणि गाडीचे आसन एवढाच काय तो फरक.

जुन्या वैद्यांचे निरीक्षण

ही गोष्ट केवळ आजच्या यंत्रयुगातच लोकांच्या ध्यानात आली, असे मात्र नाही. चरकसंहितेत प्रमेह रोगाची कारणे सांगताना बसण्याचे सुख आणि निद्रेचे सुख या दोहोंना अगदी आरंभीच स्थान दिलेले आहे. दही, नवे धान्य, गूळ इत्यादी आहाराची कारणे त्यांच्यानंतर येतात. बसणे हे सुखाचे असते, म्हणूनच त्याचा धोका लक्षात येत नाही, हे मर्म त्या ग्रंथकाराने ओळखले होते. प्रमेहाच्या प्रकारांपैकी मधुमेह हा एक होय.

युरोपात इटलीमधील रामाझिनी या वैद्याने १७०० साली निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. खाणीतील मजूर, रंगारी, कुंभार यांच्या रोगांबरोबरच त्याने शिंपी, चांभार, लेखनिक आणि विद्वान अशा बसून काम करणाऱ्यांच्या व्याधींचाही विचार केला, आणि त्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी शरीरास व्यायाम द्यावा असे सुचविले. परंतु ही सारी निरीक्षणे होती. त्यांना मोजमापाचा आधार मिळण्यास आणखी अडीचशे वर्षे लागली.

लंडनच्या बसगाडीतील शोध

लंडन शहरात दुमजली बसगाड्या धावत असत. आपल्या हैदराबादकरांसही दुमजली बस अपरिचित नाही. प्रत्येक गाडीत एक चालक आणि एक वाहक असे. दोघांचे वर्ग सारखे, राहणी सारखी, गाडी तर एकच. फरक इतकाच की, चालक कामाचा बहुतेक सर्व वेळ बसून असे आणि वाहक तिकिटे देण्याकरिता दिवसभरात सुमारे सहाशे पायऱ्या चढत असे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक-सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालकांच्या मानाने वाहकांत हृदयविकार कमी आढळला. आणि ज्यांना तो झाला त्यांच्यातही तो अधिक उतारवयात व कमी तीव्रतेने झाला. टपालखात्यातही तोच प्रकार दिसला. पायी अथवा सायकलवरून पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा बसून काम करणाऱ्या कारकुनांना आणि टेलिफोनवाल्यांना हा विकार अधिक होत असे.

येथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढील. जे मुळातच लठ्ठ व मंद होते तेच कदाचित चालकाची नोकरी पत्करीत असतील. मग दोष बसण्याचा की प्रकृतीचा? ही शंका स्वतः मॉरिस यांनाही आली. त्यांनी नोकरांना मिळणाऱ्या गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या, आणि खरोखरच चालकांच्या विजारींचे कंबरेचे माप वाहकांपेक्षा अधिक आढळले. तेही नोकरीच्या आरंभीच्या काळातसुद्धा! हे त्यांनी १९५६ मध्ये प्रामाणिकपणे जाहीर केले आणि पुढे अनेक वर्षे अन्य व्यवसायांतील लोकांची तपासणी चालू ठेवली. शंकेस न घाबरता तिचा पाठपुरावा करणे, यासच शास्त्रीय वृत्ती म्हणतात. पुढील संशोधनाने मूळ निष्कर्षच दृढ केला. मॉरिस यांना स्वतःला चालण्याची व पोहण्याची आवड होती. ते २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले.

अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली याहून विलक्षण प्रयोग झाला. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून ठेवण्यात आले. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची शक्ती एवढ्याशा काळात चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांच्या हृदयाच्या कार्यशक्तीचे जेवढे नुकसान केले नव्हते, त्यापेक्षा अधिक त्या तीन आठवड्यांच्या निश्चलतेने केले होते. बसणे म्हणजे पडून राहणे नव्हे, हे खरे. तथापि निश्चल देह किती वेगाने उतरणीस लागतो, याची कल्पना यावरून येते. यातील दिलाशाची गोष्ट अशी की, व्यायाम सुरू करताच त्या तरुणांची गेलेली शक्ती परत आली.

शरीरात नेमके काय घडते?

हृदय रक्ताला पायांपर्यंत ढकलते. परंतु पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे कसे? हे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आकुंचन पावतात, आतील शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांतील झडपा त्यास पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात. आपण तासन्‌तास बसलो की हे दुसरे हृदय स्वस्थ बसते, रक्त साचते, पाय जड होतात, आणि क्वचित प्रसंगी शिरेत रक्ताची गुठळीही होते. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना तळघरांत आरामखुर्च्यांवर रात्र रात्र बसून काढणाऱ्या काही लोकांचे मृत्यू बाँबने नव्हे, तर अशा गुठळ्या फुप्फुसांत जाऊन झाले, अशी नोंद त्या वेळच्या डॉक्टरांनी केलेली आहे.

दुसरी गोष्ट साखरेची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. इन्शुलिन हे द्रव्य स्नायूंची दारे साखरेकरिता उघडते. परंतु स्नायू हालचाल करीत असले, तर इन्शुलिनची वाट न पाहताही त्यांची दारे काही प्रमाणात उघडतात. स्नायू निश्चल राहिले की साखर रक्तात रेंगाळते आणि तिला हटविण्याकरिता स्वादुपिंडास अधिक इन्शुलिन तयार करावे लागते. हे वर्षानुवर्षे चालले म्हणजे मधुमेहाची वाट मोकळी होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे सावकाश चालल्याने आहारानंतरची रक्तशर्करेची वाढ सुमारे चतुर्थांशाने कमी झाली. केवळ दोन मिनिटे!

तिसरी गोष्ट हाडांची, आणि ही विशेषतः विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. हाडे ही आपल्याला दगडासारखी स्थिर वाटतात. पण ती जिवंत असतात आणि त्यांच्यावर जेवढा भार पडेल तेवढी ती बळकट होतात. अंतराळात भाररहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या काही हाडांची घनता व्यायामाअभावी महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटते. हाडांची बहुतेक सर्व पुंजी मनुष्य वयाच्या विशीपर्यंत जमवितो आणि पुढे जन्मभर तीच खर्चितो. म्हणजे जी वर्षे आपण परीक्षेकरिता बाकावर काढतो, तीच वर्षे हाडांच्या पेढीत ठेव ठेवण्याची असतात. पाठीच्या मणक्यांतील चकत्यांना तर स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. हालचालीने त्या दाबल्या-सुटल्या जातात तेव्हाच त्यांचे पोषण नीट होते. कंबरदुखीचे एक कारण यावरून उमगेल.

सडपातळ माणसाची फसगत

‘आमचा मुलगा कुठे लठ्ठ आहे? त्याला काय भीती?’ असे अनेक पालक म्हणतात. याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिलेले आहे. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपले दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! दिसण्यात सडपातळ, पण आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी अनेक भारतीयांची शरीररचना असते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही ही ठेवण त्यांच्या संशोधनात आढळून आली. तेव्हा वजनकाट्याने दिलेल्या प्रशस्तिपत्रावर आपण विसंबून राहता कामा नये.

देशाची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले अनुमान असे की, आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. जाते, रहाट आणि पाणवठा हे घरातून गेले, याचे दुःख कोणी करू नये. त्या कष्टांनी आपल्या आजी-पणजींचे हात सोलवटून निघत असत. परंतु कष्ट गेले, त्यांच्या जागी खेळ किंवा फिरणे आले नाही. घरातील मुलगा मैदानावर जातो; त्याच्या बहिणीस आणि आईस मात्र संध्याकाळी घराबाहेर पडण्यास काही ‘काम’ असावे लागते. हा भेद आपल्या कुटुंबांतून जाईल तर आरोग्याचा निम्मा प्रश्न सुटेल.

उपाय कोणता?

प्रथम एक गैरसमज दूर करू. व्यायाम न करणे आणि फार बसणे हे दोन निरनिराळे दोष आहेत. पहाटे बारा सूर्यनमस्कार घालून पुढे दहा तास खुर्चीत बसणारा मनुष्य पहिल्या दोषातून मुक्त झाला, तरी दुसऱ्यात सापडतो. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास झाला. आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचा वाढीव धोका नाहीसा होण्यास रोज साठ ते पंच्याहत्तर मिनिटे चांगल्यापैकी हालचाल लागते, असे त्यातून दिसले. एवढा वेळ सर्वांस साधत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी प्रयत्न करावा: हालचाल वाढवावी आणि बैठक तोडावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला असा: पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, प्रौढांनी आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, आणि सर्वांनीच बसण्याचा काळ कमी करावा. दिवसाला दहा हजार पावले चालावे, असे आपण नेहमी ऐकतो. तो आकडा मात्र वैद्यांनी ठरविलेला नव्हे. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. त्याहून कमी पावलांनीही पुष्कळ लाभ होतो. म्हणून दहा हजार जमत नाहीत या सबबीवर पहिली हजार पावले टाळू नयेत.

आता आपल्या गावातील सोय पाहा. अमीरपेट ते एल. बी. नगर ही मेट्रोची वाट २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. दिलसुखनगर स्थानकाच्या एका अंगास मूसारामबाग आणि दुसऱ्या अंगास चैतन्यपुरी ही स्थानके एक किलोमीटरच्या आसपास आहेत. कचेरीस जाणाऱ्या पालकाने एक स्थानक आधी उतरून उरलेली वाट झपझप चालावी. जाताना पाऊण-एक किलोमीटर आणि येताना तेवढेच, म्हणजे दिवसास जवळजवळ वीस मिनिटे झाली. आठवड्याचे पाच दिवस हे केले की सुमारे १०० मिनिटे भरली! शिवाय ही स्थानके उंचावर बांधलेली आहेत. सरकता जिना वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि ओझे असणाऱ्यांसाठी सोडावा; धडधाकट माणसाने लंडनच्या बसवाहकाची आठवण ठेवून पायऱ्या चढाव्यात.

विद्यार्थ्यांकरिता काही नियम सांगतो.

पहिला नियम: अर्ध्या तासाहून अधिक सलग बसू नये. प्रत्येक अर्ध्या तासाने तीन मिनिटे उठावे, पाणी आणावे, गच्चीवर जाऊन यावे, टाचा उचलून वीस वेळा उभे राहावे. चार तासांच्या अभ्यासात ही केवळ चोवीस मिनिटे होतात.

दुसरा नियम: पाठांतर उभ्याने अथवा येरझाऱ्या घालीत करावे. सुभाषिते, पाढे, सूत्रे यांना खुर्ची लागत नाही.

तिसरा नियम: घरातील एखादे काम आपले म्हणून पत्करावे. केर काढणे, धान्य आणणे, कपडे वाळत घालणे यांत कमीपणा नाही. खाली बसावयाचे तर काही वेळ उकिडवे बसण्याचीही सवय ठेवावी. टांझानियातील हाड्झा नावाचे शिकारी लोक विश्रांतीत जवळजवळ आपल्याएवढाच वेळ घालवितात. पण ते बऱ्याच वेळा उकिडवे बसतात आणि त्या स्थितीत पायांचे स्नायू जागे राहतात, असे २०२० मधील एका अभ्यासात दिसून आले.

चौथा नियम: रोज संध्याकाळी उजेडात खेळावे. खो-खो, लंगडी, आट्यापाट्या यांना साहित्य लागत नाही, आणि थोड्या जागेत पुष्कळ मुले खेळू शकतात. मोकळ्या प्रकाशात वेळ घालविणाऱ्या मुलांत डोळ्यांचा ऱ्हस्वदृष्टिदोष कमी आढळतो, हाही एक अधिक लाभ. जागेची अडचण असेल त्याने सूर्यनमस्कार घालावेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्य नमस्कार घालीत, आणि त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले. सतरंजीएवढी जागा असली की त्यांना पुरते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाची परंपरा जोपासली आहे. हा वारसा आपला आहे. तो हैदराबादेत राहूनही चालविता येतो.

परीक्षेच्या वर्षी काय करावे?

खरी अडचण येथे आहे. दहावीचे वर्ष आले की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. त्या तासाला गणिताचे जादा उदाहरण सोडविले, तर तेवढे गुण वाढतील, असे पालकांस वाटते; काही वेळा आम्हां शिक्षकांसही वाटते. परंतु मेंदू हा देहापासून वेगळा काढून बाकावर ठेवता येत नाही. थोडे चालून आल्यानंतर मुलांचे अवधान सुधारते, असे प्रयोगांत आढळले आहे. आणि पाचव्या तासाला पेंगणाऱ्या वर्गास शिकविणे किती निष्फळ असते, हे कोणताही शिक्षक सांगू शकेल. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, परीक्षा दोन-तीन आठवड्यांत संपते, परंतु पंधराव्या वर्षी लागलेली सवय पन्नाशीपर्यंत सोबत करते. मुलाला अभियंता अथवा डॉक्टर करण्याची आकांक्षा प्रत्येक आईबापाने जरूर धरावी. मात्र तो पदवीबरोबर चाळिशीतच मधुमेहही घेऊन घरी येऊ नये, याचीही काळजी त्याच आकांक्षेचा भाग होय.

यासाठी शेवटी एक छोटासा प्रयोग सुचवितो. उद्या दिवसभर कागदावर आपण किती वेळ बसलो याची नोंद ठेवा. रात्री बेरीज करा. नंतर स्वस्थ बसून मनगटावरील नाडीचे ठोके एक मिनिट मोजा. दोन मजले जिना चढा आणि पुन्हा मोजा. पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा मोजा. वर सांगितलेले नियम दोन महिने पाळून हाच प्रयोग पुन्हा करा. चढून आल्यावर ठोके पूर्वीपेक्षा लवकर खाली येऊ लागले, तर हृदय बळकट होत आहे असे समजावे. ही नोंद वहीत ठेवा आणि घरातील वडील मंडळींचीही घ्या. ज्यांना हृदयाचा, सांध्यांचा किंवा श्वासाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जिना चढण्याचा प्रयोग करू नये.

आपल्या वस्तीच्या नावातच ‘दिल’ आणि ‘सुख’ हे दोन शब्द एकत्र आले आहेत. हृदयाचे सुख बसण्यात नाही. ते हालचालीत आहे. हा लेख आपण बहुधा बसूनच वाचला असेल. तो आता संपला आहे. तेव्हा वार्षिकांक मिटा, उठा आणि तीन मिनिटे चालून या. पुढचा लेख त्यानंतर वाचावा.